दोन्ही डाव्या

त्या दिवाळीच्या बोनसात आण्णांनी प्लेअर घेतला,
अर्धा रोख, अर्धा हप्त्यावर,
आणि त्याच्या पोटात घालायला एक सिनेमा.
राजारामपुरीत सातव्या गल्लीच्या तोंडाला
मुजावरांचं दुकान, दाराला सीडींची माळ,
ऊन आलं की समोरच्या भिंतीवर मासे पळायचे.

"कॉम्प्युटरनं काढलेला आहे," मुजावर म्हणाले,
"माणूस एक नाही त्यात. बूट आहे."
आण्णांनी डबी उलटीसुलटी केली.
उद्यमनगरात लाकडी पॅटर्न घासणारी बोटं ती,
कडेला बर लागते का, ते आधी बघायची.
नव्वद सांगितले. सत्तरला तुटलं.

गोष्ट एका डाव्या बुटाची. उजवा हरवलेला.
डावा एकटाच निघतो शोधायला,
समुद्र, बर्फ, उंदरांचं एक गाव, सगळे हिंदीत बोलणारे,
मग पुलाच्या मधोमध फळी मोडते,
तो लटकतो स्वतःच्याच नाडीला
आणि पडद्यावर अक्षरं येतात: दुसरी डिस्क घाला.

घातली.
तर पुन्हा तेच घर, तोच जिना,
उजवा अजून हरवायचाच बाकी.
"दोन्ही डाव्याच दिल्या की रं," आण्णा म्हणाले.
अभिनंदन हसून हसून पलंगावरनं पडला.
मी रडले.

दुसऱ्या दिवशी मुजावरांनी खोकं उपसलं.
सगळ्या डब्यांत पहिल्याच. मालच तसा आलेला.
पैसे परत देत होते. आण्णांनी घेतले नाहीत,
का, ते मला अजून कळलेलं नाही.

मग उरलेला सिनेमा आण्णा सांगायचे.
आई दिवस असतानाच जेवून मोकळी झालेली,
आमची ताटं टीव्हीसमोर, टीव्ही बंद.
एकदा उजवा सापडला अंबाबाईच्या देवळाबाहेर
चप्पल-स्टँडवर, टोकन नंबर दोनशे बारा,
अकरा वर्षं कुणी न्यायलाच आलं नव्हतं.
एकदा चप्पल लाइनीतल्या एका म्हाताऱ्यानं
डाव्याचं माप घेऊन नवा उजवा शिवला,
पण तो करकर वाजायचा, म्हणून दोघांचं पटेना.
एकदा बूट चुकून भट्टीजवळ आला,
तेव्हा आई आतून म्हणाली, "जेवताना असलं नको."

ज्या शनिवारी कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं
त्या रात्रीही अभीनं विचारलं, पुढं?
"नाही सापडत," आण्णा म्हणाले.
"एकटाच चालतो.
लंगडत नाही. लंगडायला पाय कुठाय त्यात."
नंतर चार-पाच महिने आम्ही विचारलं नाही.

परवा मुजावरांचा मुलगा दुकान आवरत होता,
आता तिथं मोबाइलची कव्हरं लागणार.
तळातल्या खोक्यात तोच बूट. डीव्हीडी.
एकच तबकडी, सबंध गोष्ट.
पन्नास म्हणाला. मी घासाघीस केली नाही.
"पण लावणार कशावर, ताई?"
अभीच्या जुन्या लॅपटॉपला खाच आहे, म्हटलं.

आण्णांना आता एकाच कानानं ऐकू येतं,
त्या बाजूला लॅपटॉप ठेवला, उशीवर.
फळी मोडली. बूट लटकला.
आणि आण्णा गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले,
डिस्क बदलायला.
"बसा," म्हटलं, "आपोआप जातंय पुढं."

पुढं फार काही नव्हतं.
पाणी ओसरलं. उजवा त्याच पुलाखाली, चिखलात होता.
एक गाणं झालं. दोघं घरी गेले.
"हे असं नव्हतं," आण्णा म्हणाले,
खोट निघालेलं कास्टिंग परत पाठवावं, तसे.

मग नावं आली. काळ्यावर पांढरी, खालनं वर.
ही आम्ही कधी बघितलीच नव्हती,
पहिल्या डिस्कमध्ये नावं नसतात.
मी बंद करायला गेले, तर हात धरला.
"एका बुटाला एवढी माणसं?"
चष्मा सदऱ्याला पुसला, पुढं सरकले.
"थांबव. हळू कर जरा.
ह्यात पॅटर्न कुणी केला, त्याचं नाव कुठाय?"