बेंबीनं चांदणी बघणं

दुपारी तीनच्या सुमाराला तो आला
सुभाषनगरातल्या आमच्या गल्लीत.
मी वेणी घालत होते बकरीच्या कातड्याची,
एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून.
दार त्याला बुटकं पडलं.
मागं दस्तगीर, तालमीतलं पोरगं, हातात मोबाईल :
"वैनी, पाव्हणा तुर्कस्तानचा. परवा खासबागेत
तिकडची कुस्ती दाखवणाराय. चड्डी उसवलीय."

चड्डी!
विणलेल्या गवताच्या टोपलीतनं त्यानं काढलं ते
काळंभोर, गुडघ्याखाली पोचणारं,
तेल पिऊन पिऊन जड झालेलं म्हशीचं कातडं.
वास आपल्या गोडेतेलाचा नव्हे.
कसल्या तरी कडवट फळाचा.
जैतून, मोबाईल म्हणाला.

मोबाईल हिंदीत बोलायचा, दस्तगीर मराठीत,
पाव्हणा दोन्ही हातांनी.
नाव इल्हामी. गाव एल्माली,
म्हणजे सफरचंदवालं.
तिकडं तांबडी माती नाही, हिरवळ.
लढायच्या आधी दोघं गडी
एकमेकांच्या पाठीला तेल लावतात.
"ज्याला पाडायचं त्याच्या?"
"आपल्या पाठीला आपला हात पोचतोय व्हय, वैनी?"
हे मात्र दस्तगीरनं पदरचं घातलं असणार.

आणि एक गोष्ट, फार जुनी :
दोन भाऊ दिवसभर लढले, रात्रभर लढले,
सकाळी दोघंही मेलेले, पकड तशीच.
अंजिराच्या झाडाखाली पुरलं.
सोबती पुढं कधीतरी परत आले
तर तिथं चाळीस झरे.
सासरे म्हणाले, "आणि नळाला आमच्या
एक दिवसाआड."

त्यांनी कातडं उलटंपालटं केलं,
नखानं टोकरलं, नाकाशी नेलं.
दोन वर्षं झाली, हात थरथरतो त्यांचा.
काही न बोलता आरी माझ्याकडं सरकवली.

बोटांना राख लावली, तरी आरी निसटायची.
वादी भिजवून, दातात धरून, एकेक टाका.
तोवर त्या दोघांचा खेळ चाललेला :
मैदान? मेयदान.
पहिलवान? पेहलिवान.
साबण? साबुन.
चहा? चाय! आणि तो आलाच, अर्धा कप, आल्याचा.
मग हार कशी ठरते, सासऱ्यांनी विचारलं.
पाव्हण्यानं पोटावर बोट ठेवलं, मग वर दाखवलं.
बेंबीनं चांदणी बघितली
की संपली कुस्ती.
सासरे हसले, कितीतरी दिवसांनी :
"अस्मान दाखवलं म्हण की! त्यात काय नवं."

शिवण त्यानं दोन्ही मुठींत धरून ओढली.
पुन्हा ओढली.
मग हात छातीवर, मान जराशी खाली, माझ्याकडं :
"उस्ता."
मोबाईलनं नको तेवढं नीट ऐकलं. म्हणाला, उस्ताद.

वस्ताद तालमीत असतो.
फेटा बांधून, मातीला हात लावून,
आमच्या हातचं पायताण दाराबाहेर काढून.
गल्लीत आमच्या कुणी नव्हतं वस्ताद.
बाई तर नाहीच नाही.
"तिकडं म्हणत असतील सगळ्यांनाच," सासरे म्हणाले.
दस्तगीरनं विचारून घेतलं.
व्हय, सगळ्यांनाच. सुताराला, न्हाव्याला, भट्टीवाल्याला.
हातात काम असंल त्याला.
मी वादीचं उरलेलं टोक कापलं.

जाताना टोपली खांद्याला अडकवत
आणखी एक सांगितलं त्यानं :
कुस्ती सोडली की गडी
हे कातडं घरात भिंतीला टांगतो. मग पुन्हा घालत नाही.

रविवारी गेले मी, नणंदेला घेऊन.
समोरचा आपला गडी तेलावरनं घसरायचा,
धरलेला मासा हातातनं निसटावा तसा.
लोक शिट्ट्या मारत होते.
लोक कुस्ती बघत होते. मी डावी मांडी बघत होते,
वरून चौथा टाका, जिथं आरी वाकडी गेली होती.
टिकला.

रात्री घरी आले तर सासऱ्यांची रापी
भिंतीला, कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावर.
कुणी काही बोललं नाही. जेवलो.

सकाळी मी ती काढून घेतली.
धार होती अजून.