मुकी पट्टी

मी पेट्यांचा कारागीर. भाता, सूर, कमान :
फुंकर मारतो, कान देतो, कानशीने घासतो, पुन्हा बसवतो.
भजनी मंडळांच्या पेट्या येतात, आत उंदरानं संसार मांडलेल्या.
एकीच्या पोटातून निघाली होती सव्वा रुपयाची दक्षिणा.

पियानो माझं काम नाही.
हैदराबादहून माणूस यायचा पूर्वी, तो आता येत नाही.
म्हणून दर जानेवारीत, स्पर्धेच्या आदल्या दिवशी,
खंडागळे बाईंचा निरोप : बशीरभाई, जरा येऊन जा.

मिशन हायस्कूलचा हॉल. पियानोवर सतरंजी.
ती उचलली की जालन्याची वर्षभराची धूळ,
स्टीलच्या भट्ट्यांची, काळी, बोट न सोडणारी.
अठ्ठ्याऐंशी पट्ट्या,
प्रत्येकीमागे एक हातोडी, नमद्याची टोपी घातलेली.
पेटी श्वास घेते. हा घेत नाही,
मारलं की बोलतो.
मला ते अजून रुचलेलं नाही.

रात्री दीडपर्यंत तारा आवळल्या.
मधली पांढरी तीन, तिची हातोडी मानेतच मोडलेली.
सरस लावला, दोरा गुंडाळला,
आणि कुणाला बोललो नाही.

सकाळी बियाणे कंपनीचा बॅनर, त्यावर पियानोपेक्षा मोठं कापसाचं बोंड.
तेवीस मुलं. पाय न पोचणाऱ्यांना बसायला
बाकावर जुन्या हजेऱ्यांची चळत.
चौथ्या नंबरापर्यंत सरस टिकला.
पाचव्याचं बोट पडलं आणि आवाज आला : ठक्.
लाकडाचा. दारावर कुणी आल्यासारखा.

पाचवा थांबला, आईकडे बघत राहिला.
सातवीनं तीच पट्टी पुन्हा, पुन्हा, जोरात.
दहावा उठून गेला, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत.
परीक्षक म्हणाले, सगळ्यांना सारखंच आहे, चालू द्या.
पहिल्या चौघांना सारखं नव्हतं.
मी खिडकीपाशी उभा. बाहेर टँकरचा हॉर्न.

सतरावी प्रांजल भुतेकर, बदनापूरची.
बाप वायरमन,
सांजच्याला गावची लाइट त्याच्याच हातून जाते,
घरची सुद्धा.
तिची आई माझ्याशेजारी, पदराचं टोक दातात :
"बंद कीबोर्डवर वाजवत बसते हो.
नुसती टकटक. सासरे म्हणतात,
गावातली गिरणी बंद अन् हिची चालू."

वाजवू लागली. पट्ट्या तिला जड जात होत्या,
प्लास्टिकवर वाढलेली बोटं, दिसत होतं.
पांढरी तीन आली. ठक्.
ती थांबली नाही. भुवई सुद्धा नाही.
पुन्हा आली, पुन्हा ठक्, आणि ती पुढे.
लोक म्हणतील तो सूर मनात ऐकू आला वगैरे.
मला नाही आला. मला ठक्च ऐकू आलं, सहा वेळा.
पण पुढचा सूर असा नेमका पडायचा
की मागची जागा कुणासाठी तरी राखून ठेवलीय असं वाटायचं,
लग्नाच्या पंगतीत ठेवतात तशी.

करंडक दोन नंबरच्या पोराला.
प्रांजलला उत्तेजनार्थ, आणि कंपनीची टोपी
जी सगळ्यांनाच होती.

हॉल रिकामा झाला. मी झाकण उघडून आत वाकलेलो,
ती येऊन बाजूला उभी. एका बोटानं पट्टी दाबली.
ठक्. हसली.
"आमच्याकडं सगळ्याच अशा वाजतात,
सहा ते आठ."
मी म्हणालो, पोरी, ही चूक माझी आहे.
तिला ते कळलं नसावं. आई हाका मारत होती,
बदनापूरची गाडी सुटायची वेळ.

हातोडी खिशात टाकली. सायकलवर, भोकरदन नाक्यापर्यंत
ती बरगडीला लागत राहिली.
दुकानात येऊन दिव्याखाली दोरा सोडला :
सरस आतून अजून ओलाच.