फळा, साडेचार बाय तीन

आंगडी रोव्हर्सच्या कमिटीने मला बोलावलं
ते कापणी झाल्यावर,
कुडतरीत भाताच्या खुंटांमधून गोलपोस्ट उगवतात तेव्हा.
फळा साडेचार बाय तीन, मरीन प्लाय,
निळ्यावर पांढरी अक्षरं.
वर लिहायचं : देशासाठी खेळलेले आमचे.
खाली तीन रकाने. नाव, साल, देश.

मी बारच्या पाट्या रंगवतो, होड्यांवरची संतांची नावं,
कधी थडग्यावरच्या तारखा.
मला वाटलं, तिसरा रकाना सोपा आहे,
एकदा भारत लिहायचं
आणि खाली नुसत्या दोन-दोन टिचक्या देत जायचं.

पहिलंच नाव रुझार माश्कारेन्य, १९५२, पाकिस्तान.
कराचीला रेल्वेत फिटर, डाव्या पायाचा.
त्याच्याखाली त्याचा धाकटा भाऊ
इनास, १९६४, भारत.
आईने दोघांच्या जर्सी एकाच पेटीत ठेवल्या,
डांबराच्या गोळ्या घालून.
एका पावसाळ्यात पेटीत पाणी शिरलं.
आता कुणाचा रंग कुणाला लागला ते सांगता येत नाही.

तिसरा आलेशिन्य रिबेल. देश : टांगानिका.
ब्रश थांबला. हे कुठे आलं?
दार-ए-सलामला शिंपी होता म्हणे, आणि गोलकीपर.
सहा मॅच खेळला, मग देशाचं नावच बदललं.
मी विचारलं, टांझानिया लिहू?
"राव मरे," खाली शिडी धरून उभा असलेला म्हातारा म्हणाला,
"तो खेळ्ळो तेन्ना जें आशिल्लें, तेंच बरय."
मी तेच लिहिलं. अक्षरं जरा दाटीने बसली.

म्हातारा म्हणजे कायतान फुर्तादो.
मैदानाला पाणी घालतो, जाळी शिवतो,
हातात कागद नसताना सगळी सालं सांगतो.
पेद्रू बार्रेतोचं सत्तर नव्हे, एकाहत्तर,
कारण त्या वर्षी म्हशीला जुळी रेडकं झाली.
सेल्सा कुलासोच्या नावापुढे
महिला असं कंसात घाला, अशी चिठ्ठी आली,
तर त्याने ती खिशात कोंबली :
"बॉल बायलांचो वेगळो आशिल्लो?"

चारला चहा आला, बरोबर पातोळ्या.
खजिनदार हळूच म्हणाले, हाही गेला होता.
क्वालालंपूर, १९७३. सोळा नंबर.
अकरा दिवस. एक मिनिटसुद्धा नाही.
तीनदा कोचने उठवलं, अंग गरम कर म्हणाला,
तीनदा हा रेषेपाशी जाऊन परत बसला.
त्याचं नाव घालावं की नाही,
यावर कमिटीत मतदान झालं.
खेळलेले म्हणजे खेळलेले, असं ठरलं.
चार विरुद्ध तीन.
चौथं मत त्याचंच.

मी पातोळीचं पान उगाच दुमडत राहिलो.
फळ्यावर खाली वीतभर जागा उरली होती.
तिच्यावर काय, म्हणून विचारलं,
तर कायतान म्हणाला, धूळ.

ऊन उतरल्यावर तो चुन्याचा डबा घेऊन गेला.
पोरं येण्याआधी रोज रेषा मारायची असते.
मी शिडीवरून बघत होतो :
दोरी लावली नव्हती, तरी रेषा सरळ.
एक बाजू झाली, दुसरी झाली,
मधलं वर्तुळ मारायला आत जावं लागणार होतं.

तो रेषेबाहेर थांबला.
पायात मोजे नव्हते, तरी वाकून
पोटऱ्यांवरून हात वर ओढला.
मग मान वळवून बाकाकडे पाहिलं.
बाकावर कुणी नव्हतं,
कुणाची तरी सायकलची हवा मारायची पंप पडली होती.

सां आलेशच्या चर्चची घंटा झाली.
तो आणखी जरा थांबला,
आणि मग उजवा पाय आधी टाकून
आत गेला.