एक तोळा

"साडेसहा," मी म्हटलं, "साडेसहा मिलिमीटर."
एन्सिओनं चष्मा कपाळावर सारला.
त्याच्यामागे भिंतभर डबे,
पितळेचा आणि जुन्या तेलाचा वास,
दाराबाहेर कुह्मोतला सप्टेंबर,
बर्च पिवळे, आणि पहाटे बादलीतल्या पाण्यावर
साय धरावी तसा बर्फ.

"घरात बापाची नऊ पॉइंट तीन असताना?"

असताना.
ती बंदूक आमच्याकडे घड्याळाशेजारी टांगलेली
आणि घड्याळापेक्षा तिचंच जास्त ऐकलं जातं.
साडेअठरा ग्रॅमची गोळी.
घोड्याहून उंच मूस त्या गोळीनं
उभ्या जागी बसतो, असं माझा बाप ताव्हेत्ती सांगायचा,
रेइयो अजून सांगतो, शिकारमंडळाच्या शेडमध्ये कॉफी भुरकत,
जणू गोळी एकटीच रान तुडवत गेली होती.

गेल्या वर्षीचं मी एन्सिओला सांगणार नव्हते.
सांगितलं.
ऐंशी मीटर. कूस माझ्याकडे, कान स्थिर,
तोंडातून वाफ.
मी डोळे मिटले. बार झाला.
तुहका रक्ताच्या वासावर तीन किलोमीटर गेली,
दलदलीतून, अंधार पडेस्तोवर,
शेवटचा बार रेइयोनं केला
आणि मला कुणी काही बोललं नाही.
न बोललेलं आमच्या भागात फार स्पष्ट ऐकू येतं.

एन्सिओ उठला. दुकानामागच्या पट्टीवर
माझीच बंदूक त्यानं माझ्याकडे पाठ करून भरली.
"पाच आहेत. काही खरी, काही पोकळ.
कुठलं कुठे, ते विचारू नको."

पहिला बार. खांद्यावर कुणी दार आपटलं.
दुसरा.
तिसऱ्याला नुसतं टिक्.
आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही,
तरी नळी झुकली,
मार पडायच्या आधीच मान घालणाऱ्या पोरासारखी.

"बघितलंस?"
बघितलं.
भीती चांगली चार बोटं खाली जाते,
आणि ऐंशी मीटरवर त्या चार बोटांचं
पोट होतं, किंवा मागचा पाय.

"गोळी मोठी घेतली म्हणून चूक लहान होत नाही," तो म्हणाला,
"भोक तेवढं मोठं होतं."

मग त्यानं माझ्या तळहातावर ठेवली ती,
दहा ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर एक तोळा,
तांब्याचं टोक, शिशाचं पोट.
मागे पितळेत चमचाभर दारू.
अंगठीसारखी लगेच कोमट झाली.
एवढ्याशा वजनावर
सहाशे किलोचा जीव मागायचा,
म्हणजे जवळ जायला हवं.
थांबायला हवं.
तो वळेपर्यंत, आणि नाही वळला तर
बंदूक उतरवायला हवी.

"ताव्हेत्तीलाही हाच खेळ दाखवला होता,"
पावती फाडता फाडता एन्सिओ,
"त्र्याऐंशी साली. त्याची नळी तुझ्याहून जास्त झुकली.
काही न घेता गेला. दोन वर्षं या दारात आला नाही."

मी सुटे पैसे मोजत राहिले.
एका मूसमागे बापाच्या खिशातून
तीन तीन रिकाम्या पुंगळ्या निघायच्या.
आई कोट धुवायला घेताना त्या काढून
खिडकीत ओळीनं उभ्या करायची,
आणि जेवताना बाप सांगायचा: एकाच गोळीत.
आई बटाटे वाढायची.

सौनाच्या फळीवर कॉफीच्या डब्यात
त्याची सात काडतुसं आहेत, पितळ हिरवं पडलेलं.
रेइयोला देईन. मागतोय कधीचा.
त्याला हेही सांगितलं,
साठ मीटरपलीकडचा मूस माझा नाही, तुझा.
तो बराच वेळ साखर ढवळत बसला,
साखर तो घेत नाही.

काल संध्याकाळी पट्टीवर कागदी मूस,
पंच्याहत्तर मीटर, उजेड उतरता.
दहा झाल्या. कशा झाल्या, ते कागदाला विचारा.
अकरावीला मला दिसलं,
पहिल्यांदाच,
भोक पडताना.

डब्यात नऊ उरली.