ढगाळ दिवस सोडून

मोयनाकला आता समुद्र नाही.
गंजलेली जहाजं वाळूत कुशीवर निजलीत,
त्यांच्या सावलीत उंट.
तिथेच ते भेटलं मला,
बाबांच्या जहाजाच्या पत्र्याला टेकलेलं,
तापल्या दगडावर पाणी शिंपडल्यावर उठते
तेवढ्या वाफेचं.
तोंड नव्हतं, पण खट्टू झालेलं कळत होतं.

मी मासळीच्या कारखान्यात बावीस वर्षं
डबे तपासले. पाणी गेल्यावरही,
दुसऱ्या कुठल्या समुद्राची मासळी
आगगाडीने यायची, बर्फात.
कुठला डबा आतून बिघडलाय
ते टिचकी मारून सांगते मी.
त्यालाही मारली.
हसलं बहुतेक.

त्याच्या गावी इथला उजेड पोचायला
चाळीस वर्षं लागतात.
निळं दिसलं, म्हणून ते निघालं.
यायला आणखी चाळीस.
म्हणजे ते पाणी माझ्या जन्माआधीचं.
एसेन, माझा बाप, तेव्हा पोरगेलासा, जाळं ओढणारा.
"दिसला का रे?"
त्याने वाळूत एक ठिपका काढला.
त्यावर मी घमेलं पालथं घातलंय,
वारा लागू नये म्हणून.

गुलाइम म्हणाली, असल्याला कुणी चहा देतं का?
मी दिला. पीत नाही ते.
नुसती वाटी धरतं, आणि चहा एकदम गार.
ती ऊब कुठे ठेवतं, विचारलं नाही.
सात महिने पुन्हा पुन्हा गरम करत राहिले.

जायच्या दिवशी बजावलं:
वाटेत रेंगाळू नकोस.
उजेडाच्या जोडीने चाललंस
तर घरी पोचून मागे वळशील तेव्हा
आत्ताचीच मी दिसेन,
हातात दोन वाट्या, गुडघ्याला लोकरीचा पट्टा.
उशीर झालाच, तर थोडी पुढची.
म्हणून रोज सकाळी बाहेर बसणार आहे,
जहाजाच्या दक्षिणेला, लाल रुमाल बांधून,
ढगाळ दिवस सोडून.
आणि कधी जागा रिकामी दिसली
तर लगेच काही ठरवू नकोस.
गुलाइमकडे गेले असेन.
तिच्याकडे गेलं की वेळ होतोच.

जाताना त्याने टिचकी मारली,
माझ्या कपाळावर.
कोमट होती.

आज सकाळपासून ढग आहेत.
तरी बसलेय.