चौथा झोत

तळजाईच्या मनोऱ्यावर माझी नेमणूक झाली तेव्हा
आधीच्या पहारेकऱ्यानं दोनच गोष्टी सुपूर्द केल्या:
तेलाच्या खोलीची किल्ली,
आणि सिंहगडाच्या रोखानं कठड्यात कोरलेली एक खाच.
"हनुवटी इथं टेकव," म्हणाला, "आणि बघत राहा."

अकरा वर्षं टेकवली.
दगड गुळगुळीत झाला, हनुवटीला घट्टा पडला.

शिकायला फार नव्हतंच.
एक झोत: सगळं ठीक.
दोन: पानशेतच्या रानात झाडं आडवी झालीत.
तीन: वात बदलतोय, लक्ष देऊ नका.
चार म्हणजे धूड निघालंय. नदीकाठ सोडा.

गडावरच्या मनोऱ्यात गेनू पोकळे.
त्याला मी कधी पाहिलं नाही.
आवाज ठाऊक नाही, मिशा होत्या का तेही नाही.
पण त्याचं अक्षर ओळखायचे.
पहिला झोत घाईचा, दुसरा त्याला चिकटून,
आणि वात बदलताना तिसरा तो लांबवायचा,
पोस्टकार्डाच्या शेवटी कुणी रेघ ओढावी तसा.
मला वाटायचं, माणूस सावकाश जेवत असणार.

भोगीची रात्र. खाली सहकारनगरात
कुणीतरी तीळ भाजत होतं, वास वरपर्यंत.
गडावर उजेड झाला.
एक.
दोन.
तीन.
मग काही नाही.

नियमाप्रमाणे पर्वतीला तीनच कळवायचे.
पर्वतीवरून हौसा खिरीड जांभई देत
वेताळ टेकडीला तीन देणार,
आणि सगळं पुणं कूस बदलून झोपणार.

पण तिसरा झोत आखूड होता.
रेघ नव्हती त्याला.
वाक्य संपलं नव्हतं त्या माणसाचं.

मी झडप उघडली. एक. दोन. तीन.
हात थांबला. किती वेळ, ते वहीत नाही.
गरम तेलाचा थेंब मनगटावर पडला
आणि तिथंच गार झाला, एवढा वेळ.
मग चौथा दिला.

पर्वती पेटली. वेताळ पेटला.
पेठांमधून माणसं निघाली, डोक्यावर गाद्या,
पोपटाचे पिंजरे, एकानं शिलाई मशीन,
आणि माझ्या नावानं शिव्या.

पहाटे ते आलं मुठेच्या पात्रातून,
पाठ धुक्याच्या वर,
पूल ओलांडत, म्हैस ओढा ओलांडते तसं, न बघता.
खांद्यावर बगळे बसलेले, नेहमीसारखे.
संगमाशी वळलं, पूर्वेला गेलं.
काठावर ओले कपडे होते दोरीवर. माणूस नव्हता.

चौकशी झाली. साहेब म्हणाले,
"धायरीत उसाला पाणी देणाऱ्यानं तीन मोजले.
हौसाबाईंच्या वहीत चार.
मधला एक कुठून आला?"
मी म्हटलं, त्यानंच पाठवला. पोचवला फक्त मी.
साहेबांनी वही उलटसुलट पाहिली.
"असा रकाना नाही."
मग स्वतःच पट्टीनं एक आखला,
आणि रिकामा ठेवला.

आता गडावर नवीन मुलगी आहे.
झोत एकसारखे, छापल्यासारखे.
अक्षर यायला वर्षं जातील.
परवा तिनं वात बदलली.
तीन आले. मी पर्वतीला तीन कळवले,
तिसरा जरा लांबवून.