कानाखालची जागा

बोरा वारा सुटला की त्रिएस्तेत दुकानात कुणी घ्यायला येत नाही,
येतात ते दाराआड दोन श्वास घ्यायला.
म्हणून ती आत आली तेव्हा मी मानही वर केली नाही.
तिनं नाक पुसलं, चष्मा पुसला,
म्हणाली, वस्तरा हवाय. घडीचा.

चाळीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे मी.
माझ्याआधी बाप.
त्याच्या टाचांनी फरशीला पडलेला खळगा
अजून माझ्या पायांना पुरतो.
बाईमाणूस वस्तरा मागायला आलं
की नवऱ्याचा वाढदिवस असतो, नाहीतर सासऱ्याची निवृत्ती.
मी मखमल पसरली, एकेकाची कुंडली मांडली:
हा जर्मन, जरा हट्टी.
हा स्पेनचा, दिसायला राजपुत्र, पण धार आठवड्याला रुसते.
हा शेफिल्डचा, तुमच्या आजोबांहून म्हातारा,
हातात मात्र मुकाट बसतो.

'कुणासाठी?'
'माझ्यासाठी. कामाला.'

सलून? नाही.
मग मी पाठ केलेलं सुरू केलं:
तीस अंशांचा कोन, डाव्या हाताने कातडी ताणायची,
घाई नाही, फोन नाही, मनात कुणाशी भांडण नाही.
सुरुवातीला कापेल. कापू दे.
तुरटी फिरवा, दोन दिवसांत भरून येतं.

'आमच्याकडे भरून येत नाही,' ती म्हणाली.

बाहेर कुणाची तरी छत्री
उलटी होऊन रस्ताभर खडखडत गेली.

नेविया फुर्लान. इस्पितळाचं तळघर,
पाइपांच्या जाळ्याखालची शेवटची खोली.
कापलं तर रक्त येत नाही, म्हणाली,
पण सकाळपर्यंत तिथं तपकिरी रेघ उमटते
आणि बायको नेमकी त्या रेघेकडेच बघत बसते.
'प्लॅस्टिकचं रेझर ओढतं हो.
जिवंत माणूस तुम्हाला मदत करतो,
गाल फुगवतो, ओठ आत घेतो, हनुवटी उचलतो.
आमच्यात सगळं मलाच करावं लागतं.'

मला हे ठाऊकच नव्हतं,
की रोज सकाळी
मी स्वतःला इतकी मदत करतो.

मग आम्ही धंद्याचं बोललो.
पातं रुंद नको, नाकाखाली अडतं.
टोक गोल. मूठ लाकडाची नको, सदा ओली राहणार.
नखावर धार बघणारे हौशी असतात.
तिनं मनगटावरचा एकच केस उडवला
आणि बाकीच्या वस्तऱ्यांकडे पाहिलंही नाही.
शेफिल्डचा.

चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस फेऱ्या पुरतात,
मी साठ दिल्या.
हात चालू ठेवून, सहज विचारावं तसं विचारलं,
बोलता का त्यांच्याशी?
'छे!'
मग नोटा मोजता मोजता:
'पाणी गार आहे, एवढं सांगते.'

इस्पितळ पैसे देत नाही, तिच्या पगारातून जाणार,
म्हणून मी तीस युरो परत सरकवले.
तिनं ते बोटानं माझ्याकडे ढकलले.
'धारेच्या वस्तूत उपकार नकोत.'
बापही हेच म्हणायचा.
तो गेला तेव्हा त्याची दाढी कुणी केली
हे मी कधी विचारलं नव्हतं.

दाराशी ती थबकली. माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्याकडे नाही,
चेहऱ्यावरच्या कामाकडे.
'डाव्या कानाखाली राहिलंय तुमचं.'

हात लावला. खरंच. बोटभर जागा, खरखरीत,
किती दिवसांची कोण जाणे.
त्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय,
मुलीला अजून सांगितलेलं नाही.
'असू दे,' म्हटलं, 'काढेल कुणीतरी कधीतरी.'

ती हसली नाही.
जागा लक्षात ठेवावी तशी मान हलवली
आणि वाऱ्यात खांदा घालून निघून गेली.

मखमल तशीच पसरलेली, मधे एक रिकामी खाच.
मी मागच्या आरशापाशी गेलो,
आणि दुकानात कुणी नाही हे बघून
गाल फुगवून पाहिला.